रंगभूमीवरील कुलवधू : ज्योत्स्ना भोळे

मराठी भाषेत 'घरंदाज' आणि 'कलावंतीण' हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाठ करून उभे होते. जिला घर होते तिने चारचौघांत गायचे नाही आणि जी चारचौघांत गात होती तिला घर मिळायचे नाही, असा समाजाचा अलिखित नियम होता. घरातल्या स्त्रीच्या वाट्याला जात्यावरची ओवी, बाळाचा पाळणा आणि हादग्याची गाणी आली. त्यापलीकडचे गाणे ऐकायला पुरुष घराबाहेर जात आणि ऐकून आल्यावर गाणारणीला नावे ठेवत. ही भिंत विसाव्या शतकात हळूहळू ढासळली. ती ढासळण्यासाठी ज्या स्त्रियांचे आयुष्य कारणी लागले, त्यांत ज्योत्स्ना भोळे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

गायिका, नाट्य-अभिनेत्री, चित्रपटातील नटी, आकाशवाणीवरील कलावंत, संगीतरचनाकार, नाटककार आणि आत्मचरित्रकार अशा अनेक नात्यांनी त्या मराठी माणसाच्या परिचयाच्या होत्या. ११ मे १९१४ ते ५ ऑगस्ट २००१ असे सत्त्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. आजच्या तरुण पिढीला कदाचित त्यांचे नाव पुण्याच्या हिराबागेतील एका सभागृहाची पाटी म्हणूनच ठाऊक असेल. म्हणून त्यांच्या वाटचालीची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. ती करून देताना एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ज्योत्स्नाबाईंच्या कारकिर्दीतील तीन महत्त्वाची नाटके तीन वेगवेगळ्या लेखकांनी, वेगवेगळ्या काळांत लिहिली. पण तिन्ही नाटकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. स्त्रीला लावलेले माप पुरुषाला का लावायचे नाही?

गोव्याची माती

ज्योत्स्नाबाईंचे माहेरचे नाव दुर्गा केळेकर. जन्म गोव्यातील फोंडे तालुक्यात, बांदिवडे या गावी. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. परंतु फोंड्याचा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात गेलेला असल्याने तेथील देवालये आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेली गायनकला टिकून राहिली होती. बांदिवडे हे नागेशी आणि महालक्ष्मी यांच्या देवळांचे गाव. मास्टर दीनानाथांचे मंगेशी तेथून जवळच. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिका गोव्यानेच महाराष्ट्राला दिल्या. एवढ्याशा भूमीत इतके सूर कसे रुजले, याचे नवल वाटते.

आपल्या कॅथलिक वाचकांना गोव्याच्या संगीताचा दुसरा प्रवाह अधिक परिचयाचा आहे. चर्चच्या आवारातील शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. फादर थॉमस स्टीफन्स यांनी तर १६१६ साली मराठी ओवीतून 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले. देवळाच्या मंडपातील ताल आणि चर्चच्या गायनगॅलरीतील सूर यांच्यात फार तर दोन-चार कोसांचे अंतर असे. मात्र एका बाबतीत मोठा फरक होता. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलीला कोणी हिणवत नव्हते. देवळाच्या परंपरेत गाणाऱ्या स्त्रीच्या कलेचा आस्वाद मात्र सगळा गाव घेई आणि सन्मानाने बसायला तिला पाट मांडायची वेळ आली की तोच गाव मागे सरे. या गोमंतकीय गायिकांनी मुंबईची वाट धरली, त्यामागे अर्थार्जनाची ओढ होती. तसाच या मानहानीतून सुटण्याचा ध्यासही होता.

दुर्गाची थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर ही नामवंत गायिका. तिच्यामागोमाग दुर्गाही लहान वयात मुंबईला आली. आग्रा घराण्याचे उस्ताद खादिम हुसेन खाँ यांची तालीम तिला लाभली. आग्रा घराण्याचे गाणे म्हणजे भारदस्त स्वर, लयीशी झुंज आणि बंदिशीचा पक्का आग्रह. पुढे ज्योत्स्नाबाईंनी सुटसुटीत भावगीते गायिली, नाटकातली चार ओळींची पदे गायिली. पण त्या हलक्याफुलक्या गाण्याच्या खाली या तालमीचा पाया होता. मोठी इमारत पेलू शकणाऱ्या पायावर त्यांनी जाणूनबुजून लहानसे, नेटके घर बांधले, असे म्हणता येईल.

वऱ्हाडचा माणूस

ज्योत्स्नाबाईंच्या आयुष्याला वळण देणारा माणूस आपल्या वऱ्हाडातला होता, ही गोष्ट आर्णी-यवतमाळकडील वाचकांना सुखावणारी आहे. केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ साली अमरावतीचा. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईस गेले आणि संगीताच्या नादाने ते शिक्षण अर्ध्यावर सोडून बसले. डॉक्टर होता होता राहिलेल्या या माणसाने पुढे रोगाचे निदान केले ते मराठी गाण्याच्या. 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी त्यांनी लिहिलेली संगीतसमीक्षा आजही आदराने वाचली जाते.

त्यांचे निदान थोडक्यात असे होते : आपला गवई शब्दांना खुंटी समजतो आणि त्यांवर ताना टांगतो. कवितेचा अर्थ, बोलणाऱ्या पात्राच्या मनाची अवस्था, प्रसंगाचा रंग यांचे त्याला भान राहत नाही. गाणे अर्थातून उगवले पाहिजे. या विचारातून ते स्वतः भावपूर्ण गीते गाऊ लागले. मराठी भावगीताची जी वाट पुढे राजरस्ता झाली, तिच्या आरंभीच्या वाटसरूंपैकी केशवराव एक. त्यांच्या गायनाने भारावून गेलेल्या दुर्गाने १९३२ साली त्यांच्याशी विवाह केला आणि ती ज्योत्स्ना भोळे झाली. दोघांच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते आणि सामाजिक पार्श्वभूमीत त्याहून अधिक. तो काळ ध्यानात घेता हा विवाह म्हणजे एक धाडसच होते.

लग्नानंतर गाणाऱ्या मुलीचे गाणे बंद व्हायचे, ही त्या काळची रीत. आश्चर्य असे की येथे लग्नानंतरच खरी कारकीर्द सुरू झाली.

पडद्यामागची परिस्थिती

१९३३ साली काय घडले ते समजण्यासाठी त्या वेळच्या रंगभूमीची स्थिती पाहिली पाहिजे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून मराठी नाटकात स्त्रियांच्या भूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत आले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने संगीत नाटकाचे युग आणले. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती. पुढे बालगंधर्वांनी स्त्री-भूमिकेला असे काही रूप दिले की घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या नेसण्या-वागण्याचे अनुकरण करू लागल्या. पुरुषाने दाखवलेली आदर्श स्त्री पाहून स्त्रियांनी स्त्री कसे व्हावे ते शिकायचे, असा हा विचित्र प्रकार होता! आपल्या विदर्भातील दंडारीतही स्त्रीचा वेष पुरुषच घेत आले आहेत. तेव्हा ही चाल शहरी नाटकापुरती नव्हती.

स्त्रिया रंगमंचावर अजिबात नव्हत्या असे मात्र नाही. काही स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या. कमलाबाई गोखले यांच्यासारख्या धाडसी कलावती होत्या. त्यांनी आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या चित्रपटातही काम केले. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह संगीत नाटके केली. परंतु सुशिक्षित कुटुंबातील स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन, एकाच रंगमंचावर, आपल्याच काळातील घराची गोष्ट सांगायची, हे अजून सर्वमान्य व्हायचे होते.

त्यातच बोलपट आला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर झळकला आणि त्यात दुर्गा खोटे या प्रतिष्ठित घरातील तरुणीने काम केले. पगारी नोकरांचा मोठा ताफा, गावोगावचे मुक्काम, डोक्यावर कर्ज आणि रात्रभर चालणारे प्रयोग अशा व्यापाने दमलेल्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसू लागल्या. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. मराठी नाटक जगते की जाते, अशी चिंता जाणत्यांना पडली.

'आंधळ्यांची शाळा'

अशा वेळी काही तरुण एकत्र आले आणि त्यांनी 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली. त्यांत श्री. वि. वर्तक, अनंत काणेकर, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते आणि केशवराव भोळे अशी मंडळी होती. १ जुलै १९३३ रोजी त्यांनी मुंबईत वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखे नेपथ्य, रात्रभराऐवजी आटोपशीर प्रयोग, मोजकी पदे, प्रसंगाला पोषक असे पार्श्वसंगीत आणि नैसर्गिक बोलणे असे त्याचे स्वरूप होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. लेखकाच्या पत्नी पद्माबाई वर्तक आणि संगीतकाराच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे या दोघी गृहिणी आपापल्या पतीच्या देखत, त्यांच्या सहकार्याने रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्योत्स्नाबाईंची भूमिका बिंबाची. वय अवघे एकोणीस.

या नाटकाचा आधार म्हणजे नॉर्वेचे लेखक ब्यर्नसन यांचे १८८३ मधील एक नाटक. ब्यर्नसन हे एका लूथरन धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९०३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नाटकातील तरुणीला वाङ्‌निश्चयानंतर कळते की भावी पतीचे पूर्वायुष्य निष्कलंक नाही. घरचे वडीलधारे तिला समजावतात, की पुरुषांचे असे चालायचेच. ती मात्र ऐकत नाही. लग्नापूर्वी मुलीकडून ज्या चारित्र्याची अपेक्षा करता, तेच मुलाने का दाखवू नये, असा तिचा सवाल असतो. युरोपभर या नाटकावरून वादळ उठले. तोच सवाल मुंबईच्या रंगमंचावर मराठीतून विचारला गेला.

हा प्रश्न शुभवर्तमान वाचणाऱ्याला अनोळखी वाटू नये. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपाखाली एका स्त्रीला प्रभू येशूपुढे उभे केले जाते. तिच्याबरोबरचा पुरुष कोठे आहे, हे त्या जमावातील कोणालाही विचारावेसे वाटत नाही. प्रभूचे उत्तर आरोप करणाऱ्यांना स्वतःच्या अंतःकरणात डोकावायला लावते आणि दगड खाली पडतात. एका मापाने मोजण्याची ही शिकवण किती जुनी आणि तरी किती अंगवळणी न पडलेली!

'नाट्यमन्वंतर' संस्था फार वर्षे टिकली नाही. आर्थिक बळ आणि संघटना या दोन्ही बाबतींत ती उणी पडली. परंतु तिने दाखवलेल्या वाटेवरून पुढचे मराठी नाटक गेले. गृहिणी रंगमंचावर आली तरी घर मोडत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ख्रिस्तसभा आणि नट

येथे थोडे थांबून आपल्याही इतिहासाकडे पाहणे उचित होईल. नटनट्यांना दूर लोटण्याचे पाप एकट्या हिंदू समाजाच्या माथी मारता येणार नाही. दहाव्या शतकात युरोपातील मठांत पुनरुत्थानाच्या उपासनेतूनच धार्मिक नाट्याचा उगम झाला. आणि तरीही पुढे फ्रान्समध्ये नटांना ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारले जाई. १६७३ साली मोलियेर या थोर नाटककाराचे दफन रात्रीच्या अंधारात उरकावे लागले. १७३० साली आद्रियेन लकुव्रर या अभिनेत्रीला तर ख्रिस्ती दफन मिळालेच नाही.

काळ पालटला. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या अमलाखालील क्राकूव्ह शहरात एक तरुण चोरून नाटकांत काम करीत होता. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला आणि २०१४ साली संतपदास पोहोचला. ४ एप्रिल १९९९ रोजी त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले आणि सौंदर्याचा शोध हे एक पाचारण आहे, हा विचार त्यातून मांडला. ज्या ख्रिस्तसभेत एकेकाळी नटांना स्मशानाचे दार बंद होते, तिच्या सर्वोच्च आसनावर नट म्हणून उभा राहिलेला माणूस बसला!

आपल्या गोमंतकीय बांधवांचे तियात्रही येथे आठवते. १८९२ साली मुंबईतच पहिले कोकणी तियात्र झाले. सुरुवातीला तेथेही स्त्रियांची कामे पुरुषच करीत. १९०४ साली जुआंव आगुस्तीन फेर्नांदिश यांनी आपली पत्नी रेजिना हिला रंगमंचावर आणले. ज्योत्स्नाबाईंच्या जन्माआधी दहा वर्षे, त्याच मुंबईत, एका कॅथलिक पती-पत्नीने ही वाट चोखाळली होती. दोन्ही ठिकाणी पतीने पत्नीला हात दिला हे साम्य लक्षणीय आहे. बंद दार आतून एकाने आणि बाहेरून दुसऱ्याने ढकलले, म्हणजे लवकर उघडते.

'कुलवधू'

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि केशवराव तिचे संगीत-दिग्दर्शक झाले. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे त्यांचे चित्रपट आजही नावाजले जातात. भोळे कुटुंब पुणेकर झाले. ज्योत्स्नाबाईंनी चित्रपटातही काम केले; पण त्यांचा जीव रमला तो गाण्यात, घरात आणि नाटकात. संसार आणि मुलेबाळे सांभाळत त्यांनी रियाज चालू ठेवला. बाहेरून पाहणाऱ्याला ही वर्षे रिकामी वाटतील. वास्तविक घर सांभाळणाऱ्या कलावतीची खरी कसोटी अशाच वर्षांत लागते. टाळ्या नसतात, जाहिरात नसते. असतो तो पहाटेचा तंबोरा आणि स्वयंपाकघरातून येणारी हाक.

मो. ग. रांगणेकर हे पत्रकारितेतून नाटकाकडे आलेले लेखक. त्यांनी 'नाट्यनिकेतन' ही संस्था स्थापन केली आणि १९४२ साली 'कुलवधू' हे नाटक रंगमंचावर आणले. 'नाट्यमन्वंतर'ने जे बीज पेरले होते त्याचे पीक रांगणेकरांनी घेतले. आटोपशीर लांबी, मध्यमवर्गीय घराची गोष्ट, खुसखुशीत संवाद आणि मोजकी पण मनात घर करणारी पदे हे त्यांच्या नाटकांचे विशेष. ते वर्ष 'छोडो भारत' आंदोलनाचे. देश ढवळून निघालेला असताना या नाटकाला गर्दी होत होती.

'कुलवधू'ची नायिका भानुमती म्हणजे ज्योत्स्नाबाई. भानुमती ही विवाहित स्त्री, अभिनेत्री म्हणून घराबाहेर पडते आणि नाव मिळवते. पत्नीचे यश पतीला सोसत नाही. तिच्या मिळकतीवर घर चालते, पण तिच्या कीर्तीने त्याच घरात संशय शिरतो. शेवटी भानुमती स्वाभिमानाने घराबाहेर पाऊल टाकते. समीक्षकांना या शेवटामुळे इब्सेनच्या नोराची आठवण झाली. मात्र नाटकाचे नावच पाहावे. घराबाहेर पडणाऱ्या या स्त्रीला लेखकाने 'कुलवधू' म्हटले आहे. कुळाची लाज तिने राखली, घालवली ती तिच्यावर संशय घेणाऱ्याने, असा त्या नावाचा रोख आहे.

विचार करावा, की ही भूमिका कोण करत होते? स्वतः विवाहित, स्वतः गायिका, स्वतः मुलांची आई असलेली स्त्री. भानुमतीला जे घरात मिळाले नाही ते ज्योत्स्नाबाईंना मिळाले होते. म्हणूनच कदाचित त्यांच्या भानुमतीत कडवटपणा नव्हता, दुखावलेला सन्मान होता. या नाटकाचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे. त्यातील 'बोला अमृत बोला' हे पद महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. ज्या घरांनी आपल्या मुलींना गाण्याची मनाई केली होती, त्याच घरांत माजघरातून मुली ते गुणगुणू लागल्या. नाटकाचे शेकडो प्रयोग झाले आणि ज्योत्स्ना भोळे हे नाव 'कुलवधू'शी कायमचे जोडले गेले.

त्यानंतर 'अलंकार', 'एक होता म्हातारा' अशी रांगणेकरांची नाटके त्यांनी गाजवली. मग १९५५ साली मामा वरेरकरांचे 'भूमिकन्या सीता' आले. वरेरकर हे स्त्रियांची बाजू हिरिरीने मांडणारे लेखक. लोकापवादासाठी निष्कलंक पत्नीचा त्याग करणाऱ्या पतीची रामायणातील कथा त्यांनी स्त्रीच्या दृष्टीने मांडली. स्नेहल भाटकर यांच्या चालीवर ज्योत्स्नाबाईंनी या नाटकात गायिलेली पदे जुन्या पिढीला अजून आठवतात.

आता सुरुवातीला उल्लेखिलेली तिन्ही नाटके एका रांगेत ठेवून पाहू. 'आंधळ्यांची शाळा' विवाहापूर्वीच्या दुहेरी मापाबद्दल बोलते. 'कुलवधू' विवाहातील संशयाबद्दल बोलते. 'भूमिकन्या सीता' लोकांच्या तोंडाला भिऊन केलेल्या अन्यायाबद्दल बोलते. पहिले युरोपातून आले, दुसरे दादर-गिरगावच्या मध्यमवर्गातून आणि तिसरे पुराणातून. बावीस वर्षांच्या अवधीत हा प्रश्न तीन दिशांनी आला आणि तिन्ही वेळा मराठी प्रेक्षकांनी ज्योत्स्नाबाईंचा स्वर ऐकला.

आकाशवाणीने घरोघरी

नाटक पाहायला थिएटरात जावे लागे. आर्णीसारख्या गावी मुंबई-पुण्याच्या मंडळींचे नाटक क्वचितच यायचे. येथे बाबा कंबलपोश यांच्या उरुसातील कव्वाली, कीर्तन, भजन आणि दंडार हीच रसिकांची मेजवानी. मग ज्योत्स्ना भोळे हे नाव विदर्भातील खेड्यापाड्यांत पोहोचले कसे? त्याचे उत्तर रेडिओ. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ पासून होते. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी या दोन साधनांनी गाणाऱ्या स्त्रीच्या सामाजिक स्थानात फार मोठा बदल घडवला. बैठकीत गाणारीला पाहण्यासाठी लोक जमत. रेडिओवर गाणारीला फक्त ऐकता येई. आवाज घरात आला तेव्हा त्याच्याबरोबर कुजबुज आली नाही. आजी, सून आणि नात एकत्र बसून तो ऐकू लागल्या.

ज्योत्स्नाबाईंचे गाणे या माध्यमाला साजेसेच होते. स्पष्ट उच्चार, अर्थावर नेमका भर आणि तानेचा मोह टाळणारा संयम. त्यांचे 'माझिया माहेरा जा' हे गीत मराठी भावगीतांत अढळ स्थान मिळवून बसले आहे. त्याचे कवी आपल्या विदर्भातील राजा बढे आणि संगीतकार पु. ल. देशपांडे. सासरी नांदणाऱ्या मुलीची माहेरासाठी व्याकुळता त्यात आहे. गोव्यातील माहेर लहानपणीच मागे टाकून आलेल्या या गायिकेने ते गायिले, तेव्हा ते केवळ कवीचे राहिले नाही. विदर्भातून कोकणात आणि कोकणातून विदर्भात दिलेल्या कितीतरी लेकींना ते आपले वाटले असेल.

उत्तरायुष्य

वय वाढते तसे नायिकेच्या भूमिका सुटतात. अनेक अभिनेत्रींची कारकीर्द तेथेच थांबते. ज्योत्स्नाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी चाली बांधल्या, 'आराधना' हे नाटक स्वतः लिहिले आणि नव्या गायक-गायिकांना मार्गदर्शन केले. १९७६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या लता मंगेशकर पुरस्कारानेही त्यांचा गौरव झाला. 'तुमची ज्योत्स्ना भोळे' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. त्या शीर्षकाचा घाट पत्राच्या शेवटी करावयाच्या सहीसारखा आहे. रसिकांना त्यांनी आप्त मानले आणि त्यांच्याशी बोलावे तसे आपले आयुष्य सांगितले. कलावंतिणीला घर नाकारणाऱ्या समाजातून वाट काढत आलेल्या स्त्रीने अखेरीस साऱ्या महाराष्ट्राला आपले कुटुंब म्हणावे, यात मोठी क्षमाशीलता आहे.

५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पुण्यात हिराबागेतील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. तेथे आता नवी नाटके होतात, गाणी होतात आणि त्यांत मुली निःसंकोचपणे काम करतात. त्यांच्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल की हा निःसंकोचपणा कोणीतरी त्यांच्यासाठी मिळवून ठेवला आहे?

या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती नको. रंगमंचावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री नव्हत्या. शास्त्रीय गायनाच्या शिखरावर केसरबाई आणि हिराबाई यांची स्थाने वेगळी आहेत. ज्योत्स्नाबाईंचे वेगळेपण असे, की घर आणि रंगभूमी यांतील एक सोडून दुसरे निवडण्याची सक्ती त्यांनी मानली नाही. त्यासाठी त्यांनी व्यासपीठावरून भाषणे केली नाहीत. वर्षानुवर्षे नीट काम केले, नीट संसार केला आणि लोकांना तो पाहू दिला. समाजाचे मन वादविवादाने जितके बदलते, त्यापेक्षा अशा उदाहरणाने अधिक बदलते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही या चरित्रातून विचार करण्याजोगे बरेच आहे. नाताळच्या नाटकात मुलीने काम करावे, गायनवृंदात गावे, याला आज कोणी हरकत घेत नाही. पण तीच मुलगी मोठी होऊन गाणे किंवा नाटक हाच आपला मार्ग म्हणू लागली, म्हणजे घरात चिंतेची कुजबुज सुरू होते. मुलाने तेच म्हटले तर पोटापाण्याचे काय, एवढाच प्रश्न निघतो. मुलीच्या बाबतीत अब्रूचा प्रश्न निघतो. दोन मापे अजून आपल्या घरांत, कपाटाच्या मागच्या बाजूला का होईना, जपून ठेवलेली आहेत. १९३३ साली एका एकोणीस वर्षांच्या गृहिणीने रंगमंचावर उभे राहून ज्या प्रश्नात आपला स्वर मिसळला, त्याचे उत्तर द्यायचे काम नाटककाराचे नव्हे, आपले आहे.